सूर धरणारा

“लहानपणी या जिन्याखाली उभा राहून तू काय ऐकलं होतंस रे, केरबा?”

केरबा गोंधळला. त्याने मागितलं होतं एक, आणि उत्तराच्या जागी हा प्रश्न आला होता.

“सूर ऐकला होता, नाना. आईबरोबर बाजाराला आलो होतो. तुमची सनई सुरू व्हायची होती अजून. वरून नुसता एक आवाज येत होता. लांबच लांब. चढेना, उतरेना. आई हात ओढत होती आणि माझा पाय निघत नव्हता.”

“हं...”

भैरोबाच्या महाद्वारावर नगारखाना आहे. रोज उजाडताना तिघं तिथे वाजवायला बसत. सनईवर धोंडीनाना घडशी. नगाऱ्यावर बाबालाल. आणि नानांच्या डाव्या अंगाला, सूर धरायला, केरबा.

सूर म्हणजे सनईसारखीच नळी, पण तिच्यातून एकच स्वर निघतो. सनई कुठेही हिंडून येवो, सुरवाल्याने आपली जागा सोडायची नाही. गालात वारा भरायचा, नाकाने श्वास घ्यायचा आणि तो एक स्वर धरून ठेवायचा. त्याचं कौतुक कुणी करत नाही. जत्रेत लोक नानांच्या पाया पडत, बाबालालला विडी देत. केरबाला कुणी पाणीसुद्धा विचारत नसे.

इतकी वर्षं असा बसलेला केरबा आज बोलला होता. जत्रा तोंडावर आली होती.

“आता माझ्या हातात सनई द्या, नाना. तुम्हाला कधी उलटून बोललो नाही. कधी ‘का’ म्हणून विचारलं नाही. असा दुसरा शिष्य पंचक्रोशीत दाखवा.”

त्यावर नानांनी तो जिन्याखालचा प्रश्न काढला होता.

आता ते म्हणाले, “तेव्हा लागायचा तसा सूर आज लागतो का आपला? खरं सांग. माझ्या कानात अलीकडे कापूस घातल्यासारखं झालंय.”

“लागतो की! उलट जास्तच गोड.”

बाबालाल शेगडीवर नगारा शेकत होता. तो खोकला. तो विडीचा खोकला नव्हता.

“बाबालाल, तू सांग.”

“मी कातड्याचा माणूस, नाना. बडवणं माझं काम. सुराचं तुमच्या या गुणी बाळाला विचारा. तुम्ही दिवस उगवला म्हणालात, तर हा भर मध्यरात्री आंघोळ करून येईल.”

केरबाने डोळे वटारले.

नानांनी सनई ओठाला लावली आणि खूण केली. धर.

केरबाने सूर धरला. नानांनी एकच स्वर लांबवला. त्याला त्यांचा एक हात पुरत होता. दुसरा हात त्यांनी पुढे केला आणि केरबाच्या गालावर ठेवला.

इतक्या वर्षांत नानांनी कधी त्याच्या गालाला हात लावला नव्हता. बोटं खरखरीत होती, पण उबदार. केरबाला बरं वाटलं.

मग त्याच्या लक्षात आलं.

नानांचा स्वर उतरू लागला होता. रोज उतरायचा तसा, हळूच, त्यांच्या नकळत. आणि रोजच्या सवयीने केरबाचे ओठ सैल पडले. गाल ढिला झाला. सूर खाली सरकला आणि सनईला जाऊन मिळाला. रस्त्यावरच्या कुणाला काही कळलं नाही.

बोटांना सगळं कळलं.

नानांनी सनई खाली ठेवली. हात गालावरच होता.

“कधीपासून?”

केरबाने नजर खाली घातली.

“केरबा.”

“मागच्या पावसाळ्यापासून.”

“सांगितलं का नाहीस?”

केरबाने मान वर केली. त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

“कसं सांगू? तुमच्या तोंडावर तुमचं चुकलं म्हणू? मी सांभाळून घेतलं, नाना. एकदाही लोकांना कळू दिलं नाही.”

“लोकांना नाही कळलं,” नाना म्हणाले. “मलाही नाही कळलं.”

शेगडीत कोळसा तडकला. बाबालालने मान फिरवली.

“कान गेले, त्याचं काही नाही. म्हातारपण आहे. पण मी तुझ्या सुराला धरून चालत होतो रे. मनाशी म्हणायचो, केरबाचा सूर जुळतोय, म्हणजे आपलं बरोबर आहे.”

केरबाने सूर मांडीवर ठेवला.

“अंधारात माणूस भिंतीला हात लावून चालतो. भिंतच त्याच्याबरोबर चालायला लागली तर?”

केरबा पायाला हात लावायला वाकला. नानांनी पाय मागे घेतले.

“ते पुष्कळ झालं.”

केरबा तसाच वाकलेला राहिला. मग खालच्या सतरंजीकडे बघत, चाचरत म्हणाला, “पण नाना... माझाच कान चुकत असला तर? तुम्ही कुठे, मी कुठे. तुमचं चुकलं हे मी कोण ठरवणार?”

नाना त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या थकलेल्या डोळ्यांत हसू आलं.

“बाबालाल, ऐकलंस? पोरगं विचारायला लागलं.”

“मेंढा बोलला म्हणायचा,” बाबालाल म्हणाला.

“चुकत असेल तुझा कान,” नाना केरबाला म्हणाले. “माझाही चुकत असेल. दोघं मिळून सरकलो, तर ते कळायचं कसं?”

त्यांनी पुन्हा सनई उचलली. पुन्हा हात गालावर ठेवला.

सूर लागला. सनई लागली. थोडा वेळ दोन्ही एकत्र चालले आणि मग सनई उतरू लागली.

केरबाचे ओठ सैल पडायला लागले. त्याने ते आवळले.

दोन स्वर एकमेकांना घासले. भाकरीत खडा यावा तसे. नगारखाना थरथरायला लागला. खाली फुलं मांडत बसलेली तानूबाई वर बघून ओरडली, “अगं बाई! आज काय भांडण झालं काय रे तुमचं?”

दोघंतिघं थांबून वर बघू लागले.

केरबाला वाटलं, आत्ताच्या आत्ता ओठ सोडावेत. जरासे. कुणाचं काय जाणार होतं? ज्या माणसाने आपल्याला स्वर दिला, त्याचं हसं आपणच भर रस्त्यावर करतोय... त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहून नानांच्या बोटांवर आलं.

बोटं हलली नाहीत.

केरबाने सूर सोडला नाही.

नानांच्या कपाळाला आठी पडली. ते शोधत होते. कानाने नव्हे. ओठाने, दातांत भरणाऱ्या त्या थरथरीने. त्यांनी सनईच्या तोंडाची पत्ती ओठांत जराशी आवळली. थरथर मंदावली. आणखी आवळली. आता ती झोपलेल्या मुलाच्या श्वासासारखी, सावकाश...

आणि थांबली.

एकच स्वर उरला. खालून कुणी ओरडलं नाही.

बाबालालची टिपरी नगाऱ्यावर पडली. “आता कसं!” तो म्हणाला. “किती महिने झाले, नुसता अंदाजाने बडवतोय.”

त्या सकाळी ते ऊन जिन्यावर येईपर्यंत वाजवत राहिले. सनई आणखी कितीदा तरी घसरली. दर वेळी घासली, आणि दर वेळी नानांनी ती वर आणली. एकदा तर घासल्याबरोबर नाना सनई तोंडात ठेवूनच हसले.

वाजवणं संपलं. नानांनी सनई धोतराच्या सोग्याने पुसली आणि केरबाच्या मांडीवर ठेवली.

“मागत होतास ना? जत्रेला तू वाजव.”

केरबाला ती उचलवेना.

“आणि तुम्ही, नाना?”

“मी शेजारी बसेन. गालाला हात पोचेल असा.”

बाबालाल मोठ्याने हसला. केरबाही हसला, ओल्या तोंडाने. मग त्याने सनई छातीशी धरली आणि भराभर बोलायला लागला.

“मग सुराला कोण बसवायचं? माझा चुलतभाऊ आहे, नाना. शिवा. दम चांगला आहे त्याला. आणि स्वभावाने अगदी गरीब. मी म्हणेन त्याला हो म्हणतो. कधी उलटून...”

तो मध्येच थांबला.

बाबालालने शेगडीतल्या राखेकडे बघायला सुरुवात केली होती.

“दुसरा शोध,” नाना हळूच म्हणाले. “तुला नाही म्हणणारा.”

केरबाने तोवर सनई त्यांच्याजवळ ठेवली, आणि तसा कुणी शोधायला जिना उतरून गेला.