साळिंदराचं ग्राफिक्स कार्ड

फार पूर्वी, जंगलात नुकतीच वीज आली होती तेव्हा गणपा साळिंदर संगणक जोडत होता.

"एसएसडी घ्या, गेम पटकन उघडेल," बायको भागी म्हणाली.

"पटकन उघडून काय करू? मला गवताचं पातंन् पातं दिसलं पाहिजे!" म्हणत गणपाने भारी ग्राफिक्स कार्ड आणलं आणि एसएसडीऐवजी जुनीच संथ हार्ड डिस्क बसवली.

मग त्याने घोरपडीशी गाड्यांच्या शर्यतीची पैज लावली. हरेल त्याने ओढ्याकाठचं आपलं बीळ सोडायचं. घोरपडीकडे एसएसडी होती, तिचा गेम लगेच उघडला. गणपाच्या पडद्यावर लोडिंगचं चक्र फिरत असतानाच ती जिंकलीसुद्धा.

सामान डोक्यावर घेऊन भागी निघाली. गणपा मात्र हलेना.

"अगं, थांब," तो म्हणाला, "चक्र किती गुळगुळीत फिरतंय, बघ तरी!"