दोरखंडाच्या कारखान्याची पारख

एका डोंगराळ राज्यात दोरखंडांचा एक अवाढव्य कारखाना होता. आसपासच्या सात गावांतला घरटी एक माणूस तिथे राबत असे. कारखान्याने धर्मशाळा बांधल्या होत्या, पाणपोया चालवल्या होत्या. दारावरच्या कमानीत मोठ्या अक्षरांत कोरलं होतं, 'आमचा पीळ सचोटीचा.'

राणीला खोल दरीवर झुलता पूल बांधायचा होता. पलीकडच्या पाड्यांवरच्या आजारी माणसाला वैद्याकडे पोचायला दोन दिवस लागत. पुलाचे दोर या कारखान्याकडून घ्यावेत का, हे ठरवायला तिने आपल्या वृद्ध न्यायाधीशांना पाठवलं.

मालकाने त्यांना सगळा कारखाना फिरवून दाखवला. ज्याला विचारावं तो कामगार हात जोडून म्हणे, "इथे काही खोट नाही, महाराज."

निघता निघता न्यायाधीशांनी विचारलं, "शेठ, 'हा दोर कच्चा आहे' असं इथे शेवटचं कोण म्हणालं?"

मालक हसला. "तशी वेळच कधी आली नाही."

न्यायाधीशांना ते पटेना. त्यांनी गावात चौकशी केली. लोक नजर चुकवू लागले. शेवटी एका म्हातारीने गावाबाहेरच्या झोपडीकडे बोट दाखवलं.

तिथे सगुणा राहत होती. वीस वर्षं तिने कारखान्यात दोर वळले होते.

"मी बोलले तर माझ्या भावाचं काम जाईल," ती म्हणाली.

"बाई, त्या पुलावरून लेकरंबाळं जाणार आहेत."

सगुणाने झोपडीचं दार ओढून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "दोरात आत अंबाडीचे कुजके तंतू भरतात, वरून नवे गुंडाळतात. मी मुकादमाला सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी चोर ठरवून मला हाकललं."

न्यायाधीशांनी कोठारातला एक दोर सर्वांसमोर उसवला. आतली काळी अंबाडी चिमटीत भुगा झाली.

मालक गयावया करू लागला, "आमचा एवढा दानधर्म काहीच नाही का?"

"शेठ, दरीत पडणाऱ्याला तुमची धर्मशाळा झेलायला येत नाही."

राणीने मालकाला दूर केलं आणि कारखाना कामगारांच्या पंचांकडे सोपवला. प्रत्येक दोर पारखायचं काम सगुणाला मिळालं. नव्या दोरांपायी पूल वर्षभर लांबला. त्या वर्षात पलीकडचे दोन आजारी वाटेतच गेले. ती खंत न्यायाधीशांना जन्मभर राहिली. पण पूल झाला, आणि त्यावर पाऊल टाकताना कुणाला देवाचं नाव घ्यावं लागलं नाही.

तात्पर्य: मोठ्यांची सचोटी जोखायची असेल, तर त्यांचा दानधर्म पाहण्याआधी विचारावं, त्यांची चूक दाखवणाऱ्याचं त्यांनी काय केलं?