उतरलेला तंबोरा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा पाखरं माणसांशी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकतही.

एका राज्यात एक नाटक मंडळी होती. तिच्या नाटकांत राजा हुकूम सोडी तोही गाऊन, आणि चोर पळे तोही गाऊन. राणीचं काम करणारी गायिका तर साऱ्या मुलखात गाजलेली. लहानपणी ती ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभी राहून पाखरं हाकलायची. तिची ती लांबच लांब हाळी मंडळीच्या गुरुजींनी वाटेवरून ऐकली आणि तिला गाणं शिकवलं. तोवर नाटकात राणीचं काम गुरुजी स्वतःच करत असत. पुढे त्यांचा गळा थकला, तेव्हा त्यांनी आपल्या हातांनी राणीचा मुकुट तिच्या डोक्यावर ठेवला आणि स्वतः पडद्यामागे तंबोरा धरून बसले.

राणीच्या विरहगीतात शेवटी एक उंच सूर होता. तिने तो लावला की लोक श्वास घ्यायला विसरत, आणि मग "पुन्हा! पुन्हा!" असा एकच गलका होई. खुद्द राज्याच्या राजाने तिला शालजोडी दिली. आया आपल्या मुलींना तिच्या पायांवर घालू लागल्या.

वर्षं गेली, गुरुजीही गेले. एके दिवशी तो सूर लागेना. गायिका घाबरली. ज्याच्यावर सारं आयुष्य उभं केलं तेच डळमळलं, तर कोण घाबरणार नाही? ती तंबोरेवाल्याला म्हणाली, "आज तारा जराशा उतरवा. हवा दमट आहे."

मंडळीचा रिवाज असा, की तंबोरा राणीच्या गळ्याला जुळवायचा आणि बाकीच्यांनी त्यावरच गायचं. पुढच्या वर्षी हवा पुन्हा दमट झाली. मग तर ती भर उन्हाळ्यातही दमटच राहू लागली! तारा उतरत गेल्या. राजाचं काम करणाऱ्याचा आवाज पोटात गेला. लोकांना नुसत्या मिशा हलताना दिसत. कळत सगळ्यांना होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? उलट "बाई, आज काय गळा लागला होता!" म्हणून सगळे तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवत.

गायिकेची एक शिष्या होती. ती नाटकात सखी होई. पोरीचा गळा कोवळा आणि उंच, पण तिला तो रोज खाली दाबून गावा लागे.

गायिकेच्या ओसरीवर एक म्हातारी मैना होती. एका सकाळी मैनेने ते विरहगीत म्हटलं. गायिका हसून म्हणाली, "अगं, म्हातारपणी तुझा सूर सुटला. किती वर गातेस!"

"बाई," मैना म्हणाली, "मी हे तुमच्याकडूनच शिकले. मी तिथेच आहे. तुम्ही खाली आलात, आणि येताना सगळ्यांना घेऊन आलात."

गायिकेचा चेहरा उतरला. तिने शिष्येला बोलावलं, तंबोरा मैनेच्या सुराला लावला आणि म्हणाली, "गा."

पोरीने तोंड उघडलं. वर जाता जाता तिचा आवाज फाटला. ती खाली मान घालून म्हणाली, "बाई, पूर्वी येत होतं मला. आता नाही येत."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

गायिका तिला पोटाशी धरून ढसाढसा रडली. त्याच दिवशी तिने मुकुट उतरवून ठेवला. वर्षभर मंडळीने राणीवाचूनची नाटकं केली, आणि गायिका पोरीचा गळा हळूहळू, जपून वर आणत राहिली.

मग एके दिवशी तिने मुकुट पोरीच्या डोक्यावर ठेवला आणि स्वतः तंबोरा घेऊन पडद्यामागे बसली. तारा पहिल्या जागी चढवल्या होत्या. राजाचा आवाज पुन्हा पार मागच्या रांगेपर्यंत पोचला. शेवटी विरहगीत आलं, आणि पोरीने तो उंच सूर लावला. लागला! पण त्याच्या कडेला बारीकशी खरखर होती. ती कधीच गेली नाही.

लोक म्हणाले, "या खरखरीत काय गोडवा आहे! पुन्हा! पुन्हा!"

पडद्यामागे गायिकेने डोळे पुसले. ती खरखर कुठून आली, ते तिला ठाऊक होतं.

तात्पर्य : आपला सूर उतरला की जागा सोडावी, आपल्यासाठी साऱ्यांचा तंबोरा उतरवू नये.