कात्रीची घाई

शिवणाच्या डब्यातली मंडळी बोलायची, त्या काळची ही गोष्ट. डब्याच्या मालकीण येसूबाई; त्यांच्या भाचीच्या बाळाचं बारसं उद्यावर आलं होतं. बाळाच्या गोधडीला तीन थर हवेत आणि जुन्या लुगड्याचा धड तुकडा एकच.

"कडेपासून काप गं," सुई म्हणाली.

"एवढंसं तर बाळ!" म्हणत उतावळ्या कात्रीनं ऐन मधूनच पहिला चौकोन कापला. उरलं काय? भोवतीच्या चिंचोळ्या पट्ट्या! कात्रीला घामच फुटला.

सुईनं दिवसभर पट्टीला पट्टी जोडून बाकीचे दोन थर उभे केले. बारशाला त्या पट्ट्यांचंच कौतुक झालं.

"बघ, माझ्यामुळे नक्षी झाली!" कात्री फुशारली.

"खरंच बाई," सुई म्हणाली, "आता पुढची गोधडी तूच शीव. मी कापते."

कात्रीचं उघडलेलं तोंड हळूच मिटलं.