चाळीस गाठींची शिळा

ज्याचे तोंड कधी पाहिले नाही, त्याला दिलेला शब्द तुम्ही पाळाल का?

उत्तराची घाई करू नका. वसुमित्रालाही हा प्रश्न सोपाच वाटला होता.

"किती होते?" वल्कमुनींनी त्याला विचारले.

वसुमित्र धापा टाकत उभा होता. गुडघ्यांना चिखल, केसांत बांबूची पाने. पाहिलेच नाही असे म्हणण्यात आता अर्थ नव्हता.

"एक," तो म्हणाला. "एकच म्हातारी, गुरुदेव."

मुनींनी शिळेवरच्या भाऱ्यांकडे पाहिले.

वेत्रपूर नगर आणि काळवन यांच्या सीमेवर ती सपाट शिळा होती. उन्हाळ्यात नगरातले व्यापारी तिच्यावर मिठाच्या चाळीस गोण्या ठेवत. त्याच्या बदल्यात हिवाळ्याच्या तोंडाशी रानातली माणसे राळेचे चाळीस भारे आणून ठेवत. त्या राळेच्या धुराने थंडीतला ताप उतरे; दुसरे औषध नगराला ठाऊक नव्हते. दोन्ही बाजूंनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते. रानातली माणसे येत तेव्हा नगराने आपल्या बाजूच्या ओढ्यापलीकडे शिळेकडे पाठ करून बसायचे, हा नियम. त्यांची पावले रानात विरली की शिळेजवळच्या कुटीतून मुनींचा शिष्य नगाऱ्यावर एक टोला देई, आणि मग नगर राळ न्यायला येई. जो वळून पाहील तो रानाचा होईल, असे जुनी माणसे सांगत. वसुमित्र त्यावर हसत असे.

प्रत्येक भाऱ्याची गाठ निराळी असे. रानात प्रत्येक घराची आपली एक गाठ. चाळीस गाठी म्हणजे चाळीस घरे, चाळीस घरे म्हणजे दोनतीनशे धनुष्ये. या हिशेबानेच नगर आजवर शिळेच्या अलीकडे थांबले होते.

वसुमित्राचे काका धनगुप्त श्रेष्ठी मात्र थांबून कंटाळले होते. झाड उभे ठेवून राळ थेंबाथेंबाने गळते; पाडले तर दहा वर्षांची एका दिवसात मिळते. सहा वर्षे नगारा बडवून तुझे हात तेवढे जाड झाले, असे त्यांनी पुतण्याला हिणवले होते, आणि मग निम्मा व्यापार देऊ केला होता. काम एवढेच: रानात माणसे किती, ते पाहायचे. पुष्कळ असतील तर नेहमीप्रमाणे एक टोला. थोडी असतील तर तीन.

ओढ्यापलीकडे साठ कुऱ्हाडी त्या टोल्यांची वाट पाहत होत्या.

"ती चाळीस वेळा आली आणि चाळीस वेळा गेली," वसुमित्र म्हणाला. "एकेक भारा पाठीवरून आणला. आपण सर्व एका म्हातारीला भीत होतो, गुरुदेव."

"मला ठाऊक आहे."

"आपण पाहिले होते?"

मुनींनी शिळेवरचा एक भारा त्याच्यापुढे ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.

"गाठी निराळ्या आहेत. पीळ पाहा."

वसुमित्राने पाहिले. तिन्ही दोऱ्यांना डावा पीळ होता. त्याने आणखी दहा भारे उलटून पाहिले… सगळीकडे तोच हात.

"तीन वर्षे असेच आहे," मुनी म्हणाले. "त्याआधी चाळीस हात होते."

"मग ती माणसे गेली कुठे?"

"चाळीस हातांच्या शेवटच्या हिवाळ्यात रानातही ताप आला. राळ त्यांनी आदल्याच दिवशी इथे आणून ठेवली होती."

"परत न्यायची! कोण अडवणार होते?"

"मीठ घेऊन झाले होते."

वारा पडला होता. ओढ्याकडून कुणीतरी कुऱ्हाडीला धार लावीत असल्याचा आवाज येत होता.

"त्या हिवाळ्यात तू कुठे होतास?" मुनींनी विचारले.

वसुमित्राने मान खाली घातली. त्या हिवाळ्यात तो मुनींच्या कुटीत अकरा दिवस तापाने फणफणत पडला होता. उशाशी धूर होता. भाऱ्याची गाठ सुटेना, म्हणून मुनींनी ती दातांनी सोडवली होती, एवढे त्याला आठवत होते.

मुनींनी नगाऱ्याची टिपरी त्याच्या हातात दिली.

"वाजव."

"किती टोले, गुरुदेव?"

"पाहिलेस तू. मी नाही."

टिपरी हातात जड झाली. तीन टोले म्हणजे निम्मा व्यापार. शिवाय ते खोटेही ठरले नसते. रानात खरोखर एकच माणूस होते… ओढ्यापलीकडून काकांची शीळ आली. मग पुन्हा आली, अधिक लांब.

वसुमित्राने एक टोला दिला.

तो घुमत ओढ्यापार गेला. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. मग कुऱ्हाडी गाडीत टाकल्याचा खणखणाट झाला, आणि माणसे कुरकुरत राळ न्यायला रिकाम्या हातांनी निघाली.

वसुमित्र घाम पुसत वळला, तेव्हा त्याला शिळेच्या रानाकडच्या कडेला ती वस्तू दिसली. वेताची रिकामी पाटी. तिला कपाळावर घ्यायचा पट्टा होता, नवा, म्हातारीच्या डोक्याला सैल झाला असता एवढा मोठा. पाटीचे तोंड बांबूच्या बेटाकडे होते, जिथे तो लपला होता.

शिळेवर जे ज्याच्यासाठी ठेवले, ते त्याने उचलले नाही, तर व्यवहार कायमचा मोडतो. हा नियम त्यानेच नव्या शिष्यांकडून तोंडपाठ करून घेतला होता.

"माझी आई नगरात आहे," तो हळू आवाजात म्हणाला.

मुनींनी त्याच्या हातातली टिपरी काढून घेतली.

वसुमित्राने पाटी उचलली. पट्टा कपाळावर नेमका बसला. तो शिळा ओलांडून पलीकडे गेला आणि थांबला.

"गुरुदेव, मी परत कधी येऊ?"

वल्कमुनींनी काळवनाकडे पाठ केली आणि ते ओढ्याकडे तोंड करून खाली बसले.

"शिळेपलीकडे कोण आहे, ते मी पाहत नाही."