उलट्या अंगरख्याची साक्ष

पूर्वी गोदावरीकाठच्या पोतन नगरात अनुरथ राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्वाने घोड्यांची पारख करणाऱ्या एका घराण्यात जन्म घेतला. त्याचे नाव सोमिल. घोड्याच्या मानेवरून एकदा हात फिरवला की त्याला त्या जनावराचा स्वभाव कळे, आणि जे कळे ते तो जसेच्या तसे सांगे. विकणाऱ्याला काय वाटेल याचा विचार त्याने कधी केला नाही, म्हणून विकणारे त्याच्यावर फारसे खूश नसत.

राजा अनुरथ मनाने वाईट नव्हता. फक्त त्याला खोट्याची भारी चीड होती, आणि चिडलेल्या माणसाने केलेले कायदे कसे असतात हे आपण जाणतोच. त्याने दवंडी पिटवली होती की जो एकदा खोटा ठरेल त्याने जन्मभर अंगरखा उलटा घालावा, शिवण बाहेर ठेवून. आणि तिथून पुढे तो जे बोलेल त्याच्या नेमके उलट जे असेल ते खरे मानावे. अशा माणसाला लोक ‘उलटा’ म्हणत. उलटा ‘तहान लागली’ म्हणाला की घरातली बाई घागर उचलून आत नेई. उलटेही काही कच्चे नव्हते. ते लवकरच शिकून घेत आणि पोटात कावळे ओरडू लागले की सांगत, ‘आत्ताच जेवलो, अन्नाकडे बघवत नाही.’ लगेच पान वाढले जाई. खोटे बंद करायला निघालेल्या कायद्याने खोट्याची अशी छान सोय लावून दिली होती, पण हे राजाला सांगणार कोण?

या नगरात उत्तरेकडून उत्तरक नावाचा घोड्यांचा व्यापारी येत असे. पुढे जे घडले ते त्याच्याच जिवावर बेतले, म्हणून आपणही आता त्याच्याच बरोबर चालू.

एका वर्षी उत्तरकाने चंद्रक नावाचा पांढराशुभ्र घोडा राजासाठी आणला. सोमिलने त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाला, “घोडा लाखात एक आहे, महाराज. पण ढोलाला बुजतो. याला मिरवणुकीत नेऊ नये.” राजाला घोडा हवा होता तो उत्सवाच्या मिरवणुकीसाठीच. उत्तरकाच्या तोंडचे पाणी पळाले. त्याने हात जोडले आणि मोठ्या नम्रतेने सांगितले, “माझ्या शब्दावर जाऊ नका, महाराज. उद्या सकाळी ढोल वाजवून आपणच पाहा.” त्या संध्याकाळी त्याने चंद्रकाच्या चंदीत गुंगी आणणारे एक मूळ उगाळून मिसळले. सकाळी पागेच्या अंगणात ढोल कडाडले आणि चंद्रक अर्धवट मिटल्या डोळ्यांनी जागच्या जागी उभा राहिला. सोमिल खोटा ठरला. तिथेच त्याचा अंगरखा उतरवून, उलटा करून, पुन्हा त्याच्या अंगात घालण्यात आला.

आपण एकही शब्द खोटा बोललो नाही, असे उत्तरक स्वतःला वारंवार सांगे. वारंवार सांगावे लागे, यातच काय ते आले.

सोमिलची पारख्याची जागा गेली. तो त्याच पागेत लीद काढू लागला. बाकीच्या उलट्यांची युक्ती काही त्याने उचलली नाही. ‘जेवलास का?’ असे कोणी विचारले की तो खरे ते सांगे, ‘नाही,’ आणि उपाशी राही. मग त्याने बोलणेच कमी केले. गल्लीतल्या काही बायका त्याला काही न विचारता ओसरीवर भाकरी ठेवून जात. न विचारणाऱ्या त्या बायकांचे सोमिल मनापासून भले चिंती, आणि भाकरीचा शेवटचा तुकडा संपेपर्यंत त्याच्या तोंडावर समाधान असे.

उत्तरकाला मात्र सुख लागेना. चंद्रक दरवर्षी मिरवणुकीत जाणार होता आणि दरवर्षी तो ढोलाला बुजणारच होता. म्हणून प्रत्येक उत्सवाच्या सकाळी उत्तरक काही ना काही निमित्त काढून पागेत शिरे आणि चंद्रकाला ते मूळ चारून येई. एकदा केलेली लबाडी अशी त्याला दरवर्षी नव्याने करावी लागे.

अशाच एका उत्सवाच्या सकाळी तो कमरेची पुरचुंडी सोडत चंद्रकाच्या ठाणाशी आला, आणि पाहतो तर घोडा आडवा पडलेला. तोंडाला फेस, अंग थंडगार. उत्तरक तसाच पुरचुंडी हातात धरून उभा राहिला, आणि मागून मुख्य मोतद्दार दंडिल आत आला. त्याने मेलेला घोडा पाहिला, पुरचुंडी पाहिली आणि आरोळी ठोकली.

राजसभेत उत्तरकाला विचारण्यात आले की या पुरचुंडीत काय आहे. आता खरे सांगावे तर जुनी लबाडी उघडी पडते, आणि मग ‘उलटा’ ठरलेल्या माणसाचे ‘मी विष घातले नाही’ हे बोलणे कोण सरळ ऐकणार? तो गप्प राहिला. गप्प राहणाऱ्याचा दोष सर्वांनाच दिसतो. राजाने सुळाची शिक्षा उच्चारण्याआधी रीतीप्रमाणे विचारले, “प्रत्यक्ष पाहणारा कोणी आहे का?”

“एकच आहे, महाराज,” अमात्य पिंगलक म्हणाला. हा पिंगलक कायद्यात इतका मुरलेला होता की त्याला स्वप्नेही कलमवार पडत असतील. “पहाटेपासून त्या ठाणावर लीद काढणारा सोमिल होता. पण तो उलटा आहे.”

“बोलवा त्याला. त्याच्या उलट खरे धरू.”

शिवण बाहेर काढलेला, विटका अंगरखा घातलेला सोमिल आत आला, आणि उत्तरकाने मनाशी हिशेब मांडला. या माणसाने पाहिले असणार. आपण पुरचुंडी सोडण्याआधीच घोडा मेला होता हे या एकालाच ठाऊक असणार. तो आता खरे बोलेल, ‘याने मारले नाही’ म्हणेल, सभा त्याचे उलट धरील, ‘याने मारले’, आणि आपण सुळावर जाऊ. सोमिलला सूड घ्यायला एक शब्दही खोटा बोलावा लागणार नव्हता. नुसते सरळ खरे बोलला की झाले. तो गप्प राहिला तरी सूळ होताच. उत्तरक वाचणार होता तो एकाच वाटेने: इतकी वर्षे उपाशी राहिला पण खोटे बोलला नाही अशा माणसाने, त्याच्याच वैऱ्यासाठी, भरसभेत खोटे बोलावे. असे कोण करील? मी केले नसते, असे उत्तरकाच्या मनात आले, आणि त्याने मान खाली घातली.

“उलट्याने सभेत एकच वाक्य बोलायचे,” पिंगलकाने बजावले. हा नियम त्यानेच करून घेतला होता, कारण उलट्याची दोन वाक्ये एकमेकांवर उलटवताना त्याची स्वतःचीच दमछाक होई. “बोल. काय म्हणणे आहे तुझे?”

सोमिलने उत्तरकाकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, आणि रागापेक्षा तो न दिसणेच उत्तरकाला जड गेले.

मग सोमिल शांतपणे म्हणाला, “मी आत्ता बोलतो आहे हे वाक्य ही सभा खोटे धरील.”

पिंगलक सवयीने म्हणाला, “उलट्याचे वाक्य आहे, खोटे धरा.” आणि बोलता बोलताच त्याचा हात हवेत राहिला.

“काय झाले?” राजाने विचारले.

“महाराज, आपण याचे वाक्य खोटे धरले. आणि आपण ते खोटे धरू, असेच तर तो म्हणाला होता. म्हणजे तो खरे बोलला. उलटा खरे बोलला तर आपला कायदा चुकला.”

“मग खरे धरा.”

“उलट्याचे बोलणे खरे धरले तर कायदा आपणच मोडला, महाराज. शिवाय, आपण ते खरे धरले की मग ‘सभा खोटे धरील’ हे त्याचे म्हणणे चुकते, आणि जे चुकले ते आपण खरे धरून बसलो.” पिंगलकाने कपाळ पुसले. “हे इकडूनही जमत नाही आणि तिकडूनही.”

सभेत चुळबुळ झाली. राजाने सोमिलला जवळ बोलावले. त्याने विचारले, “मग तुझे बोलणे आम्ही धरायचे तरी काय?”

“काहीच धरू नका, महाराज,” सोमिल म्हणाला. “माझा अंगरखा सुलट आहे की उलटा, त्यावरून घोडा कसा मेला ते कळायचे नाही. पागेत चलावे आणि डोळ्यांनी पाहावे. मागचा डावा पाय, खुराच्या वरच्या केसांखाली.”

चंद्रकाच्या देहावर फुले घातली होती आणि अजून त्याला कोणी हात लावला नव्हता. राजा स्वतः गुडघ्यावर बसला आणि त्याने पायावरचे लांब केस बाजूला केले. तिथे दातांच्या दोन खुणा होत्या आणि भोवती काळेनिळे झाले होते. सेवकांनी गव्हाण सरकवली, तर खाली बीळ निघाले आणि बिळात नाग.

“हा इथे होता आणि कुणालाच कसा दिसला नाही?” राजाने विचारले.

मुख्य मोतद्दार दंडिल पुढे आला आणि राजाच्या पायाशी बसला. “दिसला होता, महाराज. सोमिल पहाटे ओरडत आला होता, ‘ठाणावर साप आहे, धावा’ म्हणून. आम्ही न्याहारी करत होतो. उलटा साप आहे म्हणतो, म्हणजे साप नाही, असं म्हणून आम्ही हसलो. मग तो एकटाच काठी घेऊन गेला, पण तोवर चावला असणार.” त्याने मेलेल्या चंद्रकाच्या मानेवर हात ठेवला. “आम्ही कायद्याप्रमाणेच वागलो, महाराज.”

राजा तिथेच वैरणीवर बसला. चंद्रकावर त्याचा फार जीव होता. घोड्याचा प्राण सापाने घेतला खरा, पण त्याला वाचवायला निघालेली हाक आपल्याच दवंडीने अडवली, हे त्याला कळले. त्याने दोन्ही हातांत तोंड झाकले.

उत्तरक सुटला होता. त्याच्या हातांच्या दोऱ्या कुणीतरी सोडल्याही होत्या. आता गुपचूप निघून गेले असते तर कोणी अडवले नसते. पण त्याचे पाय उचलेनात. ज्याची भाकरी आपण तोडली त्याने आपला जीव वाचवला, या एका गोष्टीने त्याचे मन इतके भरून आले की तिथे भीतीला जागाच उरली नाही.

“महाराज,” तो म्हणाला, “त्या पुरचुंडीत गुंगीचे मूळ आहे. चंद्रक ढोलाला बुजत होता. सोमिल खरे सांगत होता. मी मूळ चारून आपल्याला फसवले, आणि दरवर्षी फसवत आलो. खोटा मी आहे. त्याचा अंगरखा सुलट करा आणि माझा उलटा करा.”

पिंगलकाने तोंड उघडले. “हा खोटेपणा कबूल करतो, म्हणजे हा उलटा. उलट्याचे बोलणे उलट धरायचे, म्हणजे हा खोटा नव्हे. खोटा नव्हे तर उलटाही नव्हे. उलटा नव्हे तर याचे बोलणे सरळ धरायचे, म्हणजे हा खोटा...”

“पुरे, पिंगलक,” राजा म्हणाला. रडता रडता त्याला हसू फुटले होते. “तू सूर्य मावळेपर्यंत असाच फिरत राहशील. जो खोटे बोलला त्याला त्या खोट्याचा जाब विचारावा, जे बोलला ते तपासावे. माणसाला जन्मभर उलटा करून ठेवायचा हा आमचा कायदा आजपासून नाही. नगरातल्या सगळ्या उलट्यांना सांगा, अंगरखे सुलट घाला.” मग तो सोमिलकडे वळला. “याला काय शिक्षा द्यायची ते तू सांग.”

“त्याने आत्ताच स्वतःहून खरे सांगितले, महाराज. त्याच्या मागे शिक्षा लागली, तर पुढे कोणी सांगणार नाही.”

राजाने ते मानले. उत्तरक सोमिलपाशी गेला. त्याने स्वतःच्या हातांनी त्याचा अंगरखा उतरवला, सुलट केला आणि पुन्हा त्याच्या अंगात घातला. मग त्याचे बंद बांधले.

“सोमिलजी,” तो म्हणाला. आजवर तो त्याला अरेतुरे करीत आला होता. “तुम्ही सरळ खरे बोलला असता तरी चालले असते. मी मेलो असतो, आणि तुम्हाला दोष लागला नसता.”

“खरे बोलून माणूस मारायचा, शेटजी, तर मग खोट्याने काय वाईट केले होते?”

“मग एकदाच खोटे बोलायचे. मी त्याचीच आस धरून होतो.”

“त्याने तुम्ही वाचला असता,” सोमिल म्हणाला, “पण कायदाही वाचला असता, आणि पुढच्या सापाच्या वेळी पुन्हा कोणी धावले नसते.”

त्या दिवशी मिरवणूक निघाली नाही. उन्हे उतरताना सोमिल बाजारात वाण्यापाशी गेला आणि म्हणाला, “मूठभर मीठ हवे होते.” वाण्याचा हात सवयीने मागे सरला. मग त्याने सोमिलच्या अंगरख्याकडे पाहिले, ओशाळला, आणि मूठ भरून मीठ पानावर घातले. रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या उत्तरकाने ते पाहिले. एका माणसाने मीठ मागितले आणि त्याला मीठ मिळाले, एवढेच घडले होते, आणि उत्तरक भर बाजारात हुंदके देऊन रडला. त्यानंतर तो उत्तरेला परतला नाही. पोतन नगरातच राहिला, सोमिलच्या हाताखाली पागेत काम करू लागला, आणि ढोलाला बुजणाऱ्या घोड्यांना मूळ न चारता, रोज थोडा थोडा ढोल ऐकवून धीट करण्यात त्याचे उरलेले आयुष्य आनंदात गेले.

विहारातला एक वृद्ध भिक्षू रोज पहाटे शास्त्यांच्या, म्हणजे भगवान बुद्धांच्या, पाय धुण्याचे पाणी दाराशी ठेवतो आणि ठेवताना दरवेळी त्याचे डोळे का भरून येतात, असे भिक्षूंनी विचारले असता शास्त्यांनी ही कथा सांगितली. कथा सांगून ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा राजा अनुरथ म्हणजे आजचा भिक्षू आनंद. मोतद्दार दंडिल म्हणजे सर्पदंशाला औषध देणारा आपल्यातला भिक्षू. अमात्य पिंगलक म्हणजे कालपासून एकाच प्रश्नाभोवती फिरणारा, तो तिथे खांबाला टेकून बसलेला आयुष्मान भिक्षू. उत्तरक म्हणजे हा पाणी ठेवणारा. त्याला ते आठवत नाही, पण त्याची कृतज्ञता अजून आटलेली नाही. आणि उलट्या अंगरख्यातला सोमिल तो मीच होतो. तेव्हा मी जे जपले, त्याला सत्यपारमिता, म्हणजे सत्यपालनाची परिपूर्णता, म्हणतात. ज्या सत्यात करुणा नाही ते तिच्यात मोजत नाहीत.”

वृद्ध भिक्षूने हे ऐकले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने नेहमीप्रमाणे पाणी आणून ठेवले.