वडिलांचा क्लोजअप

विषय : शिष्य करून घेणेबाबत.
संदर्भ : अर्जदार श्री. पुष्कराज निमकर, पुणे, यांचा लघुपट.

उपरोक्त विषयी अर्जदार स्वतः कोल्हापुरास हजर झाले. अर्ज ज्यांच्याकडे होता ते निवृत्त कॅमेरामन आप्पा साळोखे घराच्या सोप्यात वाटाणे सोलत होते. त्यांनी आजवर कुणाला शिष्य केल्याची नोंद नाही.

“कुणाकडं बघतायत हे?” आप्पांनी विचारले.

लॅपटॉपवर एका म्हाताऱ्याचा चेहरा थांबला होता. निमकरांचे वडील. इस्पितळातली शेवटची दुपार. या शॉटला दोन परीक्षक रडले, हे निमकरांनी येताच सांगितले होते. लेन्स कोणती, हेही, न विचारता.

“माझ्याकडे,” निमकर म्हणाले.

“आणि पुढचा शॉट?”

“खिडकी. रिकामी. मृत्यूचं सूचन.”

“म्हणजे खिडकीकडं बघतायत.”

“नाही हो आप्पा. माझ्याकडे. मी कॅमेऱ्यामागे होतो ना.”

“ते तुम्हाला ठाऊक. लोकांना पुढचा शॉट सांगतो. तुमच्या सिनेमात त्या माणसानं जाताना खिडकी बघितली.”

…

खोलीत तिसरे कुणी नव्हते, मग खिडकीऐवजी आपला चेहरा कोण टिपणार होता, असे निमकरांनी निदर्शनास आणले.

“आता घेऊ की.”

आप्पांनी हात धोतराला पुसले. निमकरांचाच फोन त्यांच्या तोंडासमोर धरला आणि वडिलांचा शॉट पुन्हा लावायला सांगितले.

वडील बघू लागले. निमकरही बघू लागले. वडिलांचे ओठ किंचित हलले. त्या जागी निमकरांनी सारंगी टाकली होती.

…

निमकरांनी लॅपटॉपवरून नजर काढून फोनकडे पाहिले.

मग म्हणाले, “आप्पा, फोन जरा डावीकडे घ्या. अर्ध्या चेहऱ्यावर सावली येतेय.”

आप्पांनी फोन खाली ठेवला आणि वाटाण्यांचे ताट पुढे ओढले.

अर्जाचे काय समजायचे, असे निमकरांनी जाताना विचारले. तुमच्या चेहऱ्याचा शॉट मिळाला की बघू, असे त्यांना तोंडी कळवण्यात आले.

त्यानंतर अर्जदाराची स्मरणपत्रे आली. सोबत नव्या लघुपटाला मिळालेल्या पारितोषिकाचे कात्रण होते. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.

कात्रण वाचून दाखवले तेव्हा आप्पांनी एवढेच विचारले,

“वडील अजून खिडकीकडंच बघतायत का?”